सांगोल्याचा २.६ चा धक्का आणि किल्लारीची पहाट: सोलापूरच्या जमिनीखाली नेमकं काय चाललंय?

३ एप्रिल २०२५, सकाळचे ११ वाजून २२ मिनिटं. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत एक ओळ वाढली. केंद्रबिंदू सांगोल्याजवळ, तीव्रता २.६, खोली ५ किलोमीटर. नुकसान काही नाही. पण पुढच्या अर्ध्या तासात सोलापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जे फिरलं, ते भूकंपापेक्षा मोठं होतं. 'आज रात्री मोठा येणार', 'उजनीमुळे झालं', 'बोअर मारून मारून जमीन पोकळ केली'. यातला रात्रीचा मेसेज तर 'नासाने सांगितलंय' असा होता. दर वेळी तो नासाच्याच नावावर असतो.

माझा जन्म १९९३ नंतरचा. पण सोलापुरात वाढलेल्या कुणालाही किल्लारी वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या घरी आजी अजूनही रात्री भांडं पडलं की आधी दाराकडे बघते. म्हणून असा धक्का बसला की डेस्कवर दोन प्रकारचे फोन येतात. तरुण विचारतात, 'रिश्टर किती?' पन्नाशीपुढचे विचारतात, 'किल्लारीसारखं होईल का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'घाबरू नका' या दोन शब्दांत देणं सोपं आहे, पण ते खरं उत्तर नाही. गेल्या काही वर्षांत भूकंपशास्त्रात जे काम झालंय, त्यातलं बरंचसं आपल्या आजूबाजूलाच झालंय. कराडला, कोयनेच्या जंगलात, किल्लारीत, तेरला. त्याच्या आधारे हे समजून घेऊ.

आधी २.६ म्हणजे किती ते बघू

तीव्रतेचं माप सरळ चढत नाही. एक अंक वाढला की कंपनांची उंची दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा जवळपास ३२ पट. सांगोल्याचा धक्का २.६ चा, किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ चा. फरक ३.६ चा. गणित केलं तर किल्लारीत सांगोल्याच्या अंदाजे अडीच लाख पट ऊर्जा बाहेर पडली.

यातून एक गैरसमज लगेच निकाली निघतो. 'छोटे धक्के बसले की बरं, जमिनीतला ताण निघून जातो' असं अनेक जण सांगतात, शिकलेले लोकही. किल्लारीएवढी ऊर्जा सांगोल्यासारख्या धक्क्यांनी काढायची म्हटलं, तर रोज एक याप्रमाणे जवळपास सातशे वर्षं लागतील. छोटे धक्के मोठ्या भूकंपाची वाफ काढत नाहीत.

आणि उलटंही खरं नाही. छोटा धक्का बसला म्हणजे मोठा येणारच, असंही नसतं. मोठ्या भूकंपाआधी कधी छोटे धक्के येतात, कधी येत नाहीत. किल्लारीत ते आले होते. १९९२ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, तिथल्या लोकांना वारंवार हादरे जाणवले होते. त्यातला ऑक्टोबरमधला एक चारच्या आसपासचा होता. पण देशात असे धक्क्यांचे झुबके दरवर्षी कुठे ना कुठे येतात आणि बहुतेक तसेच विरून जातात. पालघरमध्ये डहाणू-धुंदलवाडीच्या परिसरात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मोठी मालिका सुरू झाली, लोक थंडीत तंबूत झोपले, पण किल्लारीसारखं काही झालं नाही. धक्का बसत असताना 'हा पूर्वसूचना देणारा की नुसताच' हे ओळखण्याची खात्रीची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. मोठा भूकंप येऊन गेल्यावरच आधीचे धक्के 'पूर्वधक्के' ठरतात.

३ वाजून ५६ मिनिटं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. पहाटे ३:५६ ला जमीन हलली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं इतकी उद्ध्वस्त झाली की ती दुसऱ्या जागी वसवावी लागली. सोलापूरपासून किल्लारी सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर. जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या सिव्हिलकडे येत होत्या, ते दिवस बघितलेले लोक अजून शहरात आहेत.

शास्त्रज्ञांसाठी धक्का वेगळा होता. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग 'झोन १' मध्ये होता. सगळ्यात कमी धोक्याचा. हिमालय हलतो, कच्छ हलतो, दख्खनचं पठार म्हणजे काळा कठीण दगड, तो कशाला हलेल, असा समज होता. खंडांच्या अशा 'स्थिर' समजल्या जाणाऱ्या आतल्या भागात झालेल्या भूकंपांमध्ये किल्लारीचा भूकंप जगातल्या सर्वांत प्राणघातक भूकंपांत मोजला जातो.

मग तो झाला का? भारताची प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकते आणि तिबेटच्या बाजूला अडते. अडल्यावर दाब फक्त हिमालयावर येत नाही, तो मागे सगळ्या द्वीपकल्पात पसरतो. आपण मोठं कपाट ढकलतो तेव्हा ते भिंतीला टेकलं तरी फळ्या मध्येच कुठेतरी करकरतात, तसं. करकर कुठे होणार, तर जिथे जुना सांधा आहे तिथे. किल्लारीखाली असा एक जुना भंग होता. दोन्ही बाजूंनी दाब आला आणि एक बाजू दुसऱ्यावर चढली. तेही फार खोल नाही, जमिनीखाली अवघ्या काही किलोमीटरवर. म्हणून ६.२ हा आकडा जपान किंवा चिलीत बातमीच्या तळाशी गेला असता, पण इथे त्याने गावं पुसली. किल्लारी-तळणी परिसरात तर जमीनच उचलली गेलेली दिसली. भूकंपाची चीर पृष्ठभागापर्यंत येणं द्वीपकल्पात दुर्मीळ आहे.

नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, म्हणजे लाव्हाचे थर. त्याखाली ८ मीटरचा गाळाचा थर. आणि त्याखाली मूळ खडक. भूकंप होतो तो या मूळ खडकात. वरचा काळा पाषाण हे फक्त झाकण आहे, आणि त्या झाकणामुळे खालचे भंग जमिनीवरून दिसत नाहीत. दख्खनच्या पठारावर भूकंपाचा अभ्यास अवघड असण्याचं हे पहिलं कारण. कुठे सांधा आहे हे कळायलाच भूकंप व्हावा लागतो.

एक शोध मला वैयक्तिकरीत्या फार थक्क करणारा वाटतो. तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर. आपल्यापैकी अनेकांनी गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाताना बघितलेलं गाव. तिथे तेरणेच्या काठच्या उभ्या दरडीत भूकंपाने विस्कटलेले मातीचे थर संशोधकांना सापडले आणि १९९७ मध्ये त्याबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे या पट्ट्यात प्राचीन काळीही मोठा भूकंप होऊन गेला असण्याची शक्यता आहे. किल्लारीही तेरणेच्याच खोऱ्यात. 'आपल्याकडे कधी भूकंप होत नव्हते' असं आपण म्हणतो, ते आपली आठवण लहान आहे म्हणून.

कोयनेच्या पोटात तीन किलोमीटर

आता सध्याच्या संशोधनाकडे. जगभरातले भूकंप अभ्यासक ज्या जागेबद्दल बोलतात ती आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहे. कोयना.

कोयनेचा शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणातल्या पाण्यामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांपैकी जगात नोंदलेला हा सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर साठ वर्षं होत आली, धक्के थांबलेले नाहीत. १९८५ च्या सुमारास दक्षिणेकडचं वारणा धरण भरू लागलं, तेव्हा धक्क्यांचा पट्टाही दक्षिणेकडे सरकला. आणि हे सगळं साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या तुकड्यात. अभ्यासासाठी याहून सोयीची जागा नाही. जगात बहुतेक ठिकाणी शास्त्रज्ञ भूकंपाच्या मागे धावतात, इथे तो ठरलेल्या पत्त्यावर येतो.

म्हणून केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. आधी परिसरात दीड किलोमीटरपर्यंतची अनेक छिद्रं घेतली, त्यांतल्या काहींत भूकंपमापक खाली सोडले. जमिनीवर वाहनं, वारा, पावसाचा गोंगाट असतो. हजार-दीड हजार मीटर खाली शांतता. तिथे बारीक कुजबुजही ऐकू येते. मग २०१६-१७ मध्ये गोठणे इथे ३ किलोमीटर खोल पथदर्शी छिद्र घेतलं गेलं. पुढचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे जिथे भूकंप जन्मतात त्या थराच्या शेजारी जाऊन बसण्याचा.

तीन किलोमीटर म्हणजे सुमारे ९,८०० फूट. आपल्याकडे बोअर ५०० फुटांवर गेली आणि पाणी लागलं नाही तर शेतकरी हात जोडून मशीन परत पाठवतो. त्या मापात विचार करा.

काय सापडलं? वरचा लाव्हा सुमारे सव्वा किलोमीटर जाड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याखाली थेट २५० ते २७० कोटी वर्षं जुना ग्रॅनाइटसारखा खडक. किल्लारीसारखा गाळाचा थर मध्ये नाही. पण महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली, हा खालचा खडक ताणाच्या अगदी काठावर उभा आहे. ताणात थोडासा बदल झाला तरी छोटा धक्का बसू शकतो. दुसरी, तीन किलोमीटर खोलवरही फटींमध्ये पाणी आहे आणि ते पावसाचं आहे. म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस भेगाभेगांतून तिथपर्यंत मुरत जातो.

पाणी दगडाला ढकलत नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. भंगाच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि घर्षणामुळे थांबलेल्या असतात. फटीत दाबाखालचं पाणी शिरलं की ते दोन्ही बाजूंना थोडं दूर रेटतं, घर्षण कमी होतं, आणि आधीपासून साठलेला ताण आपलं काम करतो. ओल्या फरशीवर चप्पल घसरते तेव्हा पडायला लावणारं वजन आपलंच असतं. धरण किंवा पाऊस भूकंप 'तयार' करत नाही, तो वेळ अलीकडे आणू शकतो. कोयनेत पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्के वाढतात आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरतं तेव्हा पुन्हा एकदा वाढतात, त्याचं स्पष्टीकरण यात आहे.

मग उजनीचं काय?

हा प्रश्न येणारच होता. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, कोयनेत १०५. म्हणजे उजनी मोठं. तरीही उजनीला पाणी साठू लागून चार दशकांहून जास्त काळ गेला आणि कोयनेसारखी भूकंपांची मालिका तिथे दिसलेली नाही.

दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर नाही, उंचीवर ठरतो. बारावीचं भौतिकशास्त्र. कोयना धरण १०३ मीटर उंच, पाणी दरीत उभं. उजनी त्याच्या जवळपास निम्म्या उंचीचं, पाणी मैलोन्‌मैल पसरलेलं. आणि दुसरं, पाणी कितीही असलं तरी खाली ताणाच्या काठावर आलेला भंग नसेल तर काही होत नाही. देशात हजारो मोठी धरणं आहेत, कोयना एकच आहे. किल्लारीच्या बाबतीतही तेरणेवरच्या माकणी जलाशयाकडे काही संशोधकांनी बोट दाखवलं, इतरांनी ते मान्य केलं नाही. तो वाद मिटलेला नाही. ज्या गोष्टीवर शास्त्रज्ञांत एकमत नाही ती फॉरवर्डमध्ये इतक्या ठामपणे कशी येते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बोअरवेलचं म्हणाल, तर काही शे फुटांचं बोअर आणि पाच किलोमीटरवरचा धक्का यांत फार अंतर आहे. बोअर मारून जमीन पोकळ होत नाही. भूजल संपतं, आणि ती सोलापूरची वेगळी आणि खरी चिंता आहे.

पावसानंतरचे धक्के मात्र आपल्या आजूबाजूला खरंच दिसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावातून जमिनीखालून 'गूढ आवाज' येत होते, लोक घराबाहेर झोपले. आपल्या दक्षिणेला विजयपूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२१ मध्ये ३.९ चा धक्का बसला, तो सोलापुरातही जाणवला. जुलै २०२२ मध्ये चारपेक्षा मोठा. अशा मालिकांमागे पाऊस मुरल्याने खडकातल्या पाण्याचा दाब वाढणं हे एक संभाव्य कारण म्हणून बघितलं जातं. आणि आवाजाचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. अगदी उथळ आणि छोट्या भूकंपाच्या लहरी वेगाने थरथरतात, सेकंदाला वीसपेक्षा जास्त वेळा थरथरल्या तर आपला कान ते ऐकतो. खोल भूकंपातल्या या वेगवान लहरी वाटेतच विरतात, म्हणून तो आवाजापेक्षा हादऱ्याने कळतो. पण रात्री अंथरुणाखालून गडगड ऐकणाऱ्या माणसाला हे सांगून लगेच झोप लागेल, असं मला वाटत नाही. हासोरीच्या लोकांनी बाहेर झोपणं अगदी बरोबर होतं. किल्लारी त्यांच्यापासून फार दूर नाही.

तुमच्या हातातला भूकंपमापक

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत एक इवलासा सेन्सर हालचाल मोजतो. टेबलावर निवांत पडलेला फोन त्याच सेन्सरने जमिनीचा हादराही टिपू शकतो. एका फोनवर कुणी विश्वास ठेवणार नाही, टेबलाला मांजरानेही धक्का मारलेला असू शकतो. पण एकाच भागातल्या शेकडो फोनांना एकाच वेळी हादरा जाणवला तर ते मांजर नाही. गुगलने ही यंत्रणा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या सल्ल्याने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू केली. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' मध्ये जाऊन ती चालू आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण ती काय करू शकते आणि काय नाही, हे आधी समजून घ्या. ही भविष्यवाणी नाही. भूकंप सुरू झाल्यावर दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते आणि फारसं नुकसान करत नाही. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने मागून येते आणि भिंती पाडते. यंत्रणा पहिली पकडते आणि दुसरी पोहोचण्याआधी मेसेज पाठवते. मेसेज प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणून जिंकतो.

किल्लारीचं गणित आज मांडून बघू. सोलापूर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. दुसरी लहर इथे पोहोचायला साधारण २५ सेकंद. ओळखणं आणि मेसेज जाणं यात आठ-दहा सेकंद गेले असं धरलं, तरी सोलापूरकरांच्या हातात पंधराएक सेकंद उरतात. गॅस बंद करायला, मुलाला उचलायला पुरेसे. पण किल्लारीत? सास्तूरमध्ये? शून्य. जिथे माणसं मरतात तिथे फोन वाजेपर्यंत छत खाली आलेलं असतं. उथळ भूकंपाच्या बाबतीत ही मर्यादा कोणतंही तंत्रज्ञान ओलांडू शकत नाही, कारण ती सॉफ्टवेअरची नाही, अंतराची आहे.

चुकाही होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला, तेव्हा या यंत्रणेने सुरुवातीला त्याला पाचपेक्षाही कमी समजलं. लाखो लोकांना जोरात वाजणारा इशारा जायला हवा होता, तो मोजक्यांनाच गेला. गुगलने नंतर ते मान्य केलं आणि गणित सुधारलं. आणि साडेचारपेक्षा लहान धक्क्याला ती सहसा इशारा देत नाही. सांगोल्याच्या वेळी फोन वाजला नाही म्हणून यंत्रणा बिघडली असं समजू नका. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले, ते त्या सीमारेषेवरचे.

घडलेल्या भूकंपाची खात्रीची नोंद हवी असेल तर राष्ट्रीय केंद्राचं 'भूकंप' हे अॅप आहे. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तिथे डोकवा.

पडद्यामागे आणखी एक बदल चाललाय. पूर्वी भूकंपमापकाच्या आलेखावर पहिली आणि दुसरी लहर कुठे सुरू झाली हे तज्ज्ञ डोळ्याने ठरवायचे. आता संगणकाला लाखो आलेख दाखवून ते शिकवलंय. दक्षिण कॅलिफोर्नियात २००८ ते २०१७ च्या जुन्या नोंदी संगणकाने पुन्हा चाळल्या, तेव्हा आधी माहीत होते त्याच्या दहापट, म्हणजे १८ लाखांवर भूकंप सापडले. बाकीचे गोंगाटात लपले होते. हे बारीक धक्के नकाशावर मांडले की जमिनीखालचा भंग ठिपक्याठिपक्यांनी उमटतो. काळ्या पाषाणाखाली आपल्याला जे दिसत नाही, ते बघायची ही एक वाट असू शकते. त्यासाठी मात्र मापकं दाट हवीत. दोन मापकांमध्ये शंभर किलोमीटर अंतर असेल तर एकचा, दीडचा धक्का कुणालाच ऐकू येत नाही.

नकाशा नेहमी उशिरा पोहोचतो

१९६७ नंतर कोयनेचा भाग नकाशात वरच्या धोक्याच्या क्षेत्रात गेला. १९९३ नंतर किल्लारीचा, तो प्रत्यक्षात २००२ च्या सुधारणेत, जेव्हा 'झोन १' हा प्रकारच रद्द झाला. त्या सुधारित नकाशात सोलापूर 'झोन ३' मध्ये होतं. मुंबई-पुण्याच्या रांगेत. मी इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं तेव्हा दोनदा तपासलं होतं, कारण सोलापूरला धोका म्हणजे ऊन आणि दुष्काळ एवढंच डोक्यात होतं.

झोन ३ चा अर्थ भूकंप येणार असा नाही. घर बांधताना तो येऊ शकतो हे धरून बांधा, असा आहे. आणि माझ्या मते सगळ्या संशोधनातून आपल्या हाताशी लागणारी गोष्ट हीच आहे. किल्लारीत माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट जाड, दगड आणि चिखलाच्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा आणखी एक थर, असं पिढ्यान्‌पिढ्या. उन्हाळ्यात हे घर थंडगार राहतं, म्हणून आपल्या भागात ते बांधलं गेलं, यात कुणाची चूक नव्हती. पण जमीन आडवी हलली की भिंतीचे दोन थर फुगून सुटतात आणि वरची टनावारी माती सरळ खाली येते.

सोलापूरच्या गावठाणात, पेठांमध्ये, तालुक्यांच्या गावांत अशी घरं आजही आहेत आणि त्यांत माणसं राहतात. शहरांत धोकादायक इमारतींच्या नोटिसा पावसाळ्याच्या तोंडावर निघतात, कारण आपल्याला भिंत भिजून पडताना दिसते. हलून पडेल का, हा प्रश्न त्या तपासणीत वेगळा विचारला गेला पाहिजे. माळवद काढून हलकं छत घालणं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणी करणं, दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा देणं, हे उपाय किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात हजारो घरांवर करून झालेत. तंत्र नवं शोधायचं नाही. वाड्यात पाच वाटेकरी आणि दोन भाडेकरू असले की खर्च कोणी करायचा, तिथे गाडी अडते, हेही खरं आहे.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांनीही निवांत होऊ नये. फ्लॅट बघायला जाता तेव्हा टाइल्सचा रंग विचारता, तसंच इंजिनिअरला दोन गोष्टी विचारा. कॉलमच्या रिंगचे हूक आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवलेत की नुसते काटकोनात? काटकोनातला हूक हादऱ्यात उघडतो आणि कॉलम फुटतो. आणि पार्किंगसाठी खालचा मजला पूर्ण मोकळा असेल, तर त्या मजल्यावरचे कॉलम त्या हिशोबाने मजबूत केलेत का? २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये पडलेल्या इमारतींपैकी अनेक अशाच मोकळ्या पायांवर उभ्या होत्या, आणि केंद्रबिंदू तिथून दोनशे किलोमीटरहून लांब होता. उत्तर देताना समोरचा हसला, तर दुसरा फ्लॅट बघा.

पुनर्वसित गावांमध्ये गेलेल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. सरकारने दिलेली भूकंपरोधक घरं कुटुंबं वाढली तशी लहान पडली. मग लोकांनी त्यांना लागून खोल्या काढल्या, जमेल तशा, बऱ्याच ठिकाणी ना पट्टा ना बांधणी. ज्यांनी भूकंप बघितला त्या पिढीने पत्र्याच्या खोलीत झोपणं पसंत केलं. ज्यांनी बघितला नाही, ते पक्क्या भिंती चढवतायत. सांगोल्याच्या धक्क्यानंतर मी आजीला २.६ आणि ६.२ मधला फरक समजावून सांगत होतो, अडीच लाख पट वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'ते ठीक आहे, पण गल्लीतल्या त्या वाड्याचं माळवद उतरवलं का अजून?'